प्रिंटरचा पत्ता हरवतो तेव्हा

जुलैतल्या एका संध्याकाळी माळमड्डीतल्या वकीलकाकांचा फोन आला. "तम्मा, सकाळी कोर्टात कागद द्यायचेत आणि प्रिंटर मेलाय. जरा येऊन जातोस का?" दिवसभर धारवाडचा तो बारीक, न थांबणारा पाऊस लागला होता आणि करंट दोनदा जाऊन आला होता. मी पोचलो तेव्हा प्रिंटर चांगला जिवंत होता. दिवा लागलेला, ट्रेमध्ये कागद, टाकीत शाई. वरचं बटण दाबून एक झेरॉक्स काढली, ती स्वच्छ निघाली. फक्त लॅपटॉपच्या पडद्यावर त्याच्या नावापुढं एक शब्द लिहिलेला होता : ऑफलाईन.

काकांनी तोवर करता येण्यासारखं सगळं करून पाहिलं होतं. बंद करून चालू केला, शाईची टाकी उघडून पाहिली, प्रिंटचा हुकूम पंधरा वेळा दिला. पंधराही हुकूम लॅपटॉपमध्ये रांगेत उभे होते.

हुबळी-धारवाडात घरी प्रिंटर असणं ही आता चैन राहिलेली नाही. उच्च न्यायालयाचं खंडपीठ धारवाडला २००८ साली आधी फिरतं आणि २०१३ पासून कायमचं आलं, तेव्हापासून वकिलांच्या घरी रात्री उशिरापर्यंत कागद निघत असतात. सप्तापुरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं खोलीत एक प्रिंटर वर्गणीनं घेतात. बंगळूर-पुण्याच्या कंपन्यांचं काम घरून करणारे तर गल्लोगल्ली आहेत. आणि यांतल्या पुष्कळ घरांत एक गोष्ट घडलेली मी पाहिली आहे. वायफायवर प्रिंटर चालेना म्हणून माणूस तो पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात नेतो. दुकानदार त्याला यूएसबीची तार लावतो, प्रिंट खटाखट निघते, "काही झालेलं नाही" म्हणून तो परत देतो. घरी आणला की पुन्हा ऑफलाईन. दोन-तीन फेऱ्यांनंतर घरमालक कंटाळतो आणि नवा घेतो. नव्याचंही पहिल्या पावसात तेच होतं. चांगली यंत्रं अशी माळ्यावर जाताना पाहून मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. दुकानात तार होती, घरी हवा आहे. बिघाड त्या दोहोंच्या मधल्या फरकात असतो आणि बहुतेक वेळा तो पत्त्याचा असतो.

पत्त्याची गोष्ट समजायला टपालाकडे जाऊ. आपल्याकडे पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि तो बसवला टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. वेलणकर मराठी, संस्कृतचे मोठे विद्वान. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते, न लागणारं अक्षर यांतून पत्र नेमकं पोचावं म्हणून त्यांनी सहा आकड्यांची योजना केली. धारवाडचा पिन ५८०००१, हुबळीचा ५८००२०. पहिले तीन आकडे, ५८०, पाहिले की पत्र या टापूकडे वळतं. शेवटचे तीन पाहून ते नेमक्या टपाल कचेरीत जातं. मधलं कुणी पूर्ण पत्ता वाचत बसत नाही.

घरातल्या वायफायचंही असंच आहे. राउटरला जोडलेल्या प्रत्येक वस्तूला, म्हणजे लॅपटॉप, फोन, टीव्ही, प्रिंटर यांना, एक आकडी पत्ता मिळतो. तो साधारण १९२.१६८.१.५ असा दिसतो (पडद्यावर इंग्रजी आकड्यांत). घरगुती जोडण्यांत पहिले तीन भाग म्हणजे गल्ली आणि शेवटचा भाग म्हणजे घर क्रमांक. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे तुमच्या घरातला ५ नंबर आणि शेजारच्या घरातला ५ नंबर यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. लॅपटॉपला प्रिंट पाठवायची असेल तर त्याला दोनच गोष्टी लागतात : प्रिंटर आपल्याच गल्लीत असला पाहिजे, आणि त्याचा घर क्रमांक आपल्याला ठाऊक असलेलाच असला पाहिजे.

पहिल्यांदा प्रिंटर बसवताना या दोन्ही गोष्टी जुळलेल्या असतात. मग त्या बिघडतात कशा?

पत्ते वाटतो राउटर. १९९३ साली या वाटपाची एक पद्धत ठरली, तिला डीएचसीपी म्हणतात, आणि ती अगदी भाडेकरारासारखी आहे. वस्तू येते, राउटर आपल्या वहीत पाहतो, रिकामा असलेला क्रमांक ठरावीक मुदतीसाठी देतो. पुष्कळ घरगुती राउटरांत ही मुदत एक दिवसाची असते. मुदत संपायच्या आत वस्तूनं करार वाढवून घ्यायचा. फोन आणि लॅपटॉप सतत जागे असतात, त्यांचा करार चालू राहतो. प्रिंटर मात्र आपण काम झालं की बंद करतो. चार दिवसांनी तो उठतो तेव्हा त्याची खोली दुसऱ्या कुणाला दिलेली असू शकते. त्यात करंट गेला की बऱ्याच साध्या राउटरांची वही कोरीच होते, आणि करंट आल्यावर जो आधी धावत येईल त्याला आधी क्रमांक मिळतो.

काकांच्या घरी नेमकं हेच झालं होतं. लॅपटॉपनं प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१.५ असा महिन्यांपूर्वी लिहून ठेवला होता. त्या दिवशी करंट परत आला तेव्हा पुण्याहून सुट्टीला आलेल्या नातीचा फोन आधी जोडला गेला आणि त्याला ५ क्रमांक मिळाला. प्रिंटर सावकाश उठला, त्याला ८ मिळाला. काकांचा लॅपटॉप संध्याकाळभर कोर्टाचे कागद नातीच्या फोनच्या दारात नेऊन ठेवत होता. फोनला त्यातलं काहीच कळत नव्हतं, तो उत्तर देत नव्हता, आणि उत्तर येत नाही म्हणून लॅपटॉप प्रामाणिकपणे ऑफलाईन म्हणत होता.

हे कळलं कसं? प्रिंटरलाच विचारून. सगळ्यात आधी करायची गोष्ट हीच, आणि सगळ्यात कमी लोक हीच करतात. जवळजवळ प्रत्येक वायफाय प्रिंटर स्वतःची माहिती कागदावर छापून देतो. छोटा पडदा असेल तर सेटिंग्जमधल्या नेटवर्कच्या यादीत ते सापडतं. पडदा नसेल तर वायरलेसचं किंवा माहितीचं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं, कुठलं ते सोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. त्या पानावर प्रिंटर कुठल्या वायफायला जोडला आहे त्याचं नाव, त्याचा आकडी पत्ता आणि सिग्नलची ताकद असते. या तीन ओळी वाचल्या की निम्मं निदान झालं.

पत्ता ०.०.०.० असेल तर प्रिंटर कुठल्याच वायफायला जोडलेला नाही. पासवर्ड बदलला असेल, राउटर नवा आला असेल. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी : त्याने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता आकडा लावून घेतला. असा प्रिंटर पाहिला की राउटर एकदा बंद करून चालू करावा आणि मग प्रिंटर. पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा, धडधाकट असेल तर तो लॅपटॉपच्या पत्त्याशेजारी ठेवून पहिले तीन भाग ताडून पाहावेत. ते जुळत असतील तर दोघं एका गल्लीत आहेत आणि फक्त घर क्रमांक चुकला आहे. शंका असेल तर त्याच लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत प्रिंटरचा पत्ता टाइप करावा. बहुतेक प्रिंटर आत एक लहानसं वेबपान बाळगून असतात. ते उघडलं तर वाट मोकळी आहे, दोष फक्त लॅपटॉपनं लिहून ठेवलेल्या पत्त्यात.

त्या रात्री मी काकांच्या लॅपटॉपमध्ये प्रिंटर नव्या पत्त्यानं पुन्हा जोडून दिला. विंडोजमध्ये प्रिंटर आपोआप सापडला नाही तर हातानं जोडायची सोय असते, तिथं टीसीपी/आयपी पत्ता हा पर्याय निवडून आकडे टाकायचे. पण एवढ्यावर थांबलो असतो तर पुढच्या पावसात पुन्हा फोन आला असता. कायमचा उपाय राउटरमध्ये आहे. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, राउटरच्या पोटाखालच्या चिकटपट्टीवर असतो) टाकून आत गेलं की डीएचसीपीच्या पानावर पत्ता राखून ठेवण्याची, म्हणजे रिझर्व्हेशनची सोय असते. तिथं प्रिंटरचा मॅक पत्ता द्यायचा. हा बारा अंक-अक्षरांचा असतो, कारखान्यातूनच येतो, आणि माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखा त्या यंत्रापुरता असतो. एक काळजी घ्यावी : काही प्रिंटरांना तारेचा आणि वायफायचा असे दोन वेगळे मॅक पत्ते असतात, आपल्याला वायफायचा हवा. एकदा ही नोंद झाली की करंट कितीदा गेला तरी तो क्रमांक दुसऱ्या कुणाला मिळत नाही. दहा मिनिटांचं काम आहे. माझ्या मते घरात प्रिंटर बसवून देणाऱ्या प्रत्येकानं ते त्याच दिवशी करून दिलं पाहिजे. दिलं नाही तर बसवणं अर्धंच झालं.

फोनवरून प्रिंट काढणाऱ्यांना हा घोळ कमी जाणवतो, कारण फोन पत्ता लिहून ठेवण्याऐवजी दर वेळी हाक मारतो : "इथं प्रिंटर कोण आहे?" प्रिंटर नावानिशी उत्तर देतो. ॲपलनं ही हाक मारायची रीत २००२ साली आणली आणि तिच्यावर २०१० साली एअरप्रिंट उभं केलं. अँड्रॉइडवरही आज असंच चालतं. सोय मोठी आहे, पण ती हाक गल्लीच्या टोकापर्यंतच ऐकू जाते. गल्लीबाहेर तिला बंदी आहे. म्हणून "फोनमध्ये प्रिंटर दिसतच नाही" अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, घरात गल्ल्या किती आहेत?

आपल्याकडे त्या सर्रास दोन असतात. फायबरवाला आपला डबा बसवून जातो, त्यातही वायफाय असतं. सिग्नल पुढच्या खोलीत येत नाही म्हणून घरातला कुणी आपला राउटर आणून त्याला जोडतो. आता एकाच घरात दोन राउटर पत्ते वाटत असतात, एक १९२.१६८.१ च्या गल्लीतले, दुसरा १९२.१६८.० च्या. प्रिंटर एकीत, लॅपटॉप दुसरीत. दोघांनाही इंटरनेट नीट येतं, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट या मोडवर ठेवला की तो पत्ते वाटणं सोडतो आणि दोन्हीची गल्ली एक होते. पाहुण्यांसाठीचं गेस्ट वायफाय ही तर मुद्दाम वेगळी ठेवलेली गल्ली आहे. प्रिंटर चुकून तिच्यात जोडला असेल तर तो घरच्यांना दिसणारच नाही. घरून काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ऑफिसचं व्हीपीएन चालू असलं की अनेकदा लॅपटॉपची सगळी वाहतूक थेट ऑफिसकडे वळते आणि हाताच्या अंतरावरचा प्रिंटर त्याला दिसेनासा होतो. व्हीपीएन बंद करून प्रिंट काढावी, आणि पुन्हा चालू करावं. विंडोजनं घरच्या वायफायला पब्लिक समजून ठेवलं असेल तरीही तो घरातल्या वस्तूंशी बोलायला कचरतो. ते प्रायव्हेट करून द्यावं.

आता हवेबद्दल. वायफाय प्रामुख्यानं दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. भारतात २.४ चा पट्टा सर्वांना विनापरवाना खुला झाला २००५ साली, आणि ५ चा मोठा भाग २०१८ साली. त्यामुळे आता घरोघरी येणारे राउटर दोन्ही पट्ट्यांवर बोलतात. घरगुती स्वस्त प्रिंटर मात्र पुष्कळसे आजही २.४ वरच ऐकतात. नवा फायबर आला आणि जुना प्रिंटर जोडला जाईना, यामागं बहुतेकदा हे कारण असतं. राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतो, फोन ५ वर बसलेला असतो, आणि प्रिंटर बसवायचं ॲप म्हणतं, "हे वायफाय चालणार नाही." राउटरच्या पानावर जाऊन दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्यावीत, किंवा बसवण्यापुरता ५ चा पट्टा बंद ठेवावा. एकदा प्रिंटर जोडला गेला की तो पट्टा पुन्हा चालू केला तरी हरकत नाही, प्रिंटर २.४ वर आणि लॅपटॉप ५ वर असले तरी राउटर एकच असेल तर गल्लीही एकच असते. सुरक्षेची पद्धत नुसती डब्ल्यूपीए३ ठेवली असेल तर जुन्या प्रिंटरांना ती कळत नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिळून असलेली निवडावी.

या दोन पट्ट्यांचे स्वभाव वेगळे. २.४ च्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास, ५ च्या लहरीची सहा. लांब लहर भिंतीतून बरी निभावते, आखूड लहर लवकर थकते. धारवाडातली जुनी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. हातभर जाडीच्या दगडामातीच्या भिंती, एकामागे एक खोल्या, मधे लोखंडी कपाट, आणि राउटर मात्र पुढच्या पडवीत, कारण तार तिथून आत येते. मागच्या खोलीतला प्रिंटर कसाबसा ऐकत असतो. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, आणि पाणी या लहरी शोषतं; उन्हाळ्यात चालणारा प्रिंटर आषाढात तुटक वागतो तो उगाच नव्हे. उलट हुबळीच्या विद्यानगर किंवा गोकुळ रोडवरच्या अपार्टमेंटांत भिंती पातळ, पण वायफाय वीस. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे मार्ग तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यांच्यावर सगळी इमारत बोलत असते. त्यातच मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. राउटर साधारण दशांश वॅटच्या घरात बोलतो, ओव्हनच्या पोटात सात-आठशे वॅट असतात. त्यातली थोडीशी गळतीही जवळच्या प्रिंटरला ऐकू येऊ देत नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून प्रिंटर ठेवू नये. कपाटाच्या आड, आरशामागे, जमिनीवरही नको. दोन हात सरकवल्यानं सुटलेल्या तक्रारी मी पाहिल्या आहेत.

राउटरच बदलला असेल तर एक युक्ती सांगतो, ती घरातल्या सगळ्यांचे कष्ट वाचवते. नव्या राउटरला जुन्याचंच वायफाय नाव आणि जुनाच पासवर्ड द्यावा, अक्षरं लहान-मोठी जशी होती तशीच. प्रिंटर, टीव्ही, सगळे आपापले येऊन जोडले जातात. प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावर बाणांची बटणं दाबत पासवर्ड लिहायची वेळच येत नाही. हे करायचं नसेल तर राउटरवरचं आणि प्रिंटरवरचं डब्ल्यूपीएसचं बटण दोन मिनिटांच्या आत एकापाठोपाठ दाबावं. सोय असेल तिथं पासवर्डाशिवाय जोडणी होते.

करंट आल्यावरचा क्रमही महत्त्वाचा. फायबरच्या डब्याला आणि राउटरला पूर्ण जागं व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. प्रिंटर त्याआधी उठतो, वायफाय शोधतो, सापडत नाही, आणि काही प्रिंटर मग शोधणंच सोडून देतात. आधी राउटर, तो स्थिरावला की प्रिंटर, शेवटी लॅपटॉप, असं चालू करावं. शक्य असेल तर राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा, म्हणजे त्याची वही कोरी होत नाही. लेझर प्रिंटर मात्र छोट्या इन्व्हर्टरवर लावू नये. कागद तापवताना तो एकदम मोठा भार ओढतो. आणि शाईचा प्रिंटर भिंतीवरच्या बटणानं कधी बंद करू नये. स्वतःच्या बटणानं बंद केला तर तो शाईचं तोंड झाकून घेतो, नाहीतर ते उघडं राहून वाळतं.

एवढं सगळं जुळूनही लॅपटॉप ऑफलाईन म्हणत असेल तर रांग पाहावी. काकांचे पंधरा हुकूम आधी पुसावे लागले, कारण अडकलेला पहिला हुकूम मागच्यांना पुढं सरकू देत नाही. विंडोजमध्ये एकाच प्रिंटरच्या दोन-तीन नोंदी झालेल्या असतात. जुन्या मेलेल्या नोंदी काढून टाकाव्यात. पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटस म्हणून एक खूण असते, तिच्यापायी चालता प्रिंटरही कधीकधी ऑफलाईन दिसतो. ती काढून पाहावी.

काकांचे कागद त्या रात्री साडेदहाला निघाले. मी निघताना प्रिंटरचं ते माहितीचं पान काढलं, त्यावर राखून ठेवलेला क्रमांक पेनानं ठळक लिहिला आणि राउटरच्या शेजारी भिंतीला चिकटवलं. त्यानंतर करंट किती वेळा गेला ते मोजलेलं नाही, पण प्रिंटरसाठी फोन आलेला नाही. तुमच्या घरी प्रिंटर असेल तर पुढच्या पावसाची वाट न पाहता आज ते पान काढा, क्रमांक राखून घ्या, आणि ते पान राउटरजवळ चिकटवून ठेवा.